आबांची ऑपरेटरबाई

शेजारच्या बाई घर विकून मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी गराजमधलं सामान ड्राइव्हवेवर मांडलं आणि जे कुणी नेलं नाही ते आम्हाला आणून दिलं. त्यात एक दिवा होता, दोन खुर्च्या होत्या आणि एका जुन्या टीव्ही मालिकेच्या डिस्कचा डबा होता. "तुझ्या मुलीएवढी होते तेव्हा दर शनिवारी सकाळी मी ही बघायचे," त्या म्हणाल्या. आमच्याकडे डिस्क लावायचं यंत्रच नव्हतं. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही.

मालिका सत्तरच्या दशकातली, लहान मुलांसाठी केलेली. कार्टून नव्हे, खऱ्या माणसांची. नायिका एका छोट्या गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, त्यात वायरी खुपसायच्या आणि गावाला गावाशी जोडून द्यायचं. लाइनवर कुणाच्या संकटाची चाहूल लागली की ती चष्मा काढते, मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवते, पडद्यावर खिळ्याने ओरखडल्यासारखी वीज चमकते आणि ती केशरी झगा घालून बाहेर पडते. तिच्याकडे शक्ती एकच. हात वर केला की समोरचं सगळं थांबतं. उतारावरून सुटलेली बस थांबते, पळणारा चोर एका पायावर थांबतो. करणाऱ्यांनी नुसती फिल्म थांबवलेली असते, कारण मागच्या झाडाची पानंही थांबतात. ती उडते तेव्हा पाठीची दोरी दिसते.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ती पाच मिनिटं बघितली असती आणि सोडून दिली असती. पण तेव्हा माझे वडील आमच्याकडे होते.

बाबा ऑक्टोबरमध्ये सांगलीहून अमेरिकेत आले होते. पाहुण्यांना मिळतो तसा सहा महिन्यांचा मुक्काम, मार्चअखेरचं परतीचं तिकीट. आई गेल्यापासून ते तिथे फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. स्वयंपाकाला एक बाई येते, बाकी सगळं तेच करतात. आमच्या रेडमंड गावचा हिवाळा म्हणजे सतत भुरभुरणारा पाऊस आणि दुपारी चारला काळोख. मी आणि बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी शाळेत. बाबा दिवसभर खिडकीत बसून समोरून जाणाऱ्या बस मोजत असत. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून मी वर जाऊन लॅपटॉप उघडत असे.

त्यांनी पडद्यावर तो बोर्ड बघितला आणि खुर्चीतून पुढे सरकले.

"अगं, ही तर बोर्डावर बसलीय," ते नातीला म्हणाले. "तुझी आजी अशीच बसायची."

आई तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हे मला अर्थातच माहीत होतं. पण जसं एखाद्याची आई शिक्षिका असते, एखाद्याची नर्स असते, तेवढंच माहीत होतं. ती कामावर जायची आणि कामावरून यायची. तिथे बसून ती काय करते, हे मी तिला कधी विचारलं नाही.

बाबांना त्या नायिकेचं बोलणं कळेना, आणि मुलीला ती मालिका फार हळू वाटे. मग त्या दोघांनी मिळून एक तोडगा काढला. आवाज बंद करायचा आणि गोष्ट बाबांनी, म्हणजे तिच्या आबांनी, मराठीत सांगायची. शाळेतून आल्यावर रोज एक भाग. घरून काम करायच्या दिवशी माझ्या खोलीचं दार मी थोडं उघडं ठेवी, म्हणून मला ते ऐकू येई. सुरुवातीला बरं वाटलं. घरात मराठी बोललं जातंय, माझी मुलगी 'मग काय झालं?' असं विचारतेय, हे ऐकून मला वाटलं की आपण काहीतरी चांगलं घडवून आणलं. घडवलं मी काहीच नव्हतं.

एका दुपारी मी चहा करायला खाली आलो. पडद्यावर एक ट्रक उतारावरून येत होता आणि खाली मुलं चेंडू खेळत होती. बाबा सांगत होते:

"कापडवाल्यांच्या घरात फोन होता. सगळी गल्ली तिथेच फोन करायला यायची. पण घरातल्या नव्या सुनेला मात्र हात लावायची परवानगी नव्हती. एकदा सगळे लग्नाला गेले, ती एकटी राहिली. तिने रिसीव्हर उचलला. ऑपरेटरबाईंनी विचारलं, नंबर प्लीज. पलीकडून कुणी बोलेच ना."

"व्हाय?"

"घाबरली होती. मग म्हणाली, मला माझ्या भावाशी बोलायचंय. नंबर माहीत नाही. गाव माहीत आहे."

"देन शी फ्लू देअर?"

"नाही गं. उडायची गरज पडली नाही. त्या गावात पोस्टात एकच फोन होता. ऑपरेटरबाईंनी लाइटनिंग कॉल लावला. म्हणजे सगळ्यांच्या आधी लागणारा. भावाला बोलवायला पोस्टातून माणूस धावत गेला. तोवर सासऱ्याचा फोन आला, लग्नघरातून. बाईंनी काय केलं सांग?"

मुलीने हात वर करून तळवा पुढे धरला.

"बरोबर. म्हणाल्या, लाइन बिझी आहे."

पडद्यावर ट्रक थांबला. मी चहाचं भांडं हातात धरून उभा होतो. मला काही कळेना. ही गोष्ट पडद्यावरची नव्हती हे उघड होतं. मग कुठली होती? आईची म्हणावी, तर मी ती कधीच ऐकली नव्हती. बाबांनी रचली म्हणावी, तर बाबा तालुका कोर्टात कारकून होते, त्यांनी आयुष्यात कधी मला एक गोष्ट सांगितली नव्हती. आणि तिसरी शक्यता मनात आली ती अशी की त्यांना स्वतःलाच आता फरक कळत नाही.

तिसरी शक्यता उगाच आली नव्हती. आदल्या आठवड्यात ते फिरून परत येताना दुसऱ्याच घरापुढे उभे राहून गराजचा रिमोट दाबत होते. आमच्या ओळीतली सगळी घरं एकाच रंगाची आहेत, मीसुद्धा नवीन असताना चुकलो होतो. ते एकदा सकाळची रक्तदाबाची गोळी दोनदा घेत होते, बायकोने वेळेवर बघितलं. नातीला दोनदा माझ्या आईच्या नावाने हाक मारली. पण मीही घाईत असलो की मुलीला बायकोच्या नावाने हाक मारतो. प्रत्येक गोष्टीला एक साधं उत्तर होतं, आणि सगळ्या एकत्र मांडल्या की ते उत्तर पुरत नव्हतं.

प्रश्न मार्चचा होता. त्यांचं डोकं ठीक असेल तर ते सांगलीला एकटे राहू शकत होते. ठीक नसेल तर रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांना सोडणं शक्य नव्हतं. इथे कायमचं ठेवणंही माझ्या हातात नव्हतं, आमचीच ग्रीनकार्डाची कागदपत्रं अजून रांगेत आहेत. मग मला परत जावं लागलं असतं, आणि मुलीची शाळा, बायकोची नोकरी, सगळंच हललं असतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी, नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही. त्या दिवसांत मी आळीपाळीने दोन्ही गोष्टींची इच्छा करत होतो. सकाळी वाटे, ते अगदी ठणठणीत निघावेत, म्हणजे मला त्यांना विमानात बसवून निर्धास्त होता येईल. संध्याकाळी वाटे, काहीतरी निघावं, म्हणजे सगळं सोडून जाणारा मुलगा मी होईन आणि निर्णय माझा राहणार नाही. दोन्ही इच्छांमध्ये बाबा कुठेच नव्हते.

बायको नागपूरची, ती अशा गोष्टी लांबवत नाही. "तू काय करून राहिला आहेस?" ती म्हणाली. "दाराआड उभा राहून बापाची गोष्ट ऐकतो. विचार ना त्यांना सरळ."

"काय विचारू? बाबा, तुम्हाला विसरायला होतं का?"

"मग डॉक्टरकडे ने."

"त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स असल्या गोष्टींना चालत नाही."

"चालत नाही म्हणून तू इंटरनेटवर वाचतोस, आणि मग मला झोपू देत नाहीस."

शेवटी मी तेच केलं जे आमच्यातला कुणीही करतो. आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक निवृत्त डॉक्टर काका आहेत, पन्नासेक वर्षांपूर्वी इथे आलेले. त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं. इन्शुरन्स चालत नसला की इथे ओळखीच्या डॉक्टरला जेवायला बोलावतात. पोळीबरोबर मुलाचा खोकला विचारतात, ताकाबरोबर सासूचा गुडघा. कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. मी काकांना फोनवर सांगितलं की बाबांशी जरा सहज बोला आणि तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा. बाबांना म्हटलं, एक काका येताहेत, तुमच्याच वयाचे आहेत, गप्पा होतील.

भरली वांगी केली होती. काका आले, हातात केळ्यांचा घड होता. बसल्या बसल्या म्हणाले, "काय म्हणता, करमतंय का इथे?"

"करमवून घेतो."

"आज वार कोणता, कळतो का इथे? मला तर रिटायर झाल्यापासून कळत नाही."

"शनिवार," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुम्ही जेवायला आलात."

काका हसले. मी हसलो नाही. जेवताना काकांनी दोन-तीन प्रश्न असेच सहज टाकले. सांगलीहून निघताना विमान कुठे बदललं, घरचा फोन नंबर काय, सकाळी काय खाल्लं. बाबा उत्तरं देत होते, पण प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे बघत होते. मी वांग्याकडे बघत होतो.

जेवण झाल्यावर मुलगी म्हणाली, "आबा, ऑपरेटरबाई." मालिका लागली, आवाज बंद. काका दोन मिनिटं बघत राहिले आणि सोफ्यावरून पुढे झाले. "अरे, हे मी बघितलंय. रेसिडेन्सीत असताना, शनिवारी, हॉस्पिटलच्या लाउंजमध्ये. आम्हाला इंग्लिश बोलायची सवय व्हावी म्हणून आम्ही मुलांचे कार्यक्रम बघायचो. ही हात वर करते ना?"

"करते," बाबा म्हणाले. "थांबा जरा."

त्या दिवशी पडद्यावर धरण फुटणार होतं. बाबांनी कापडवाल्यांच्या सुनेचीच गोष्ट परत सांगायला घेतली. काका माझ्याकडे बघेनात, ते गोष्ट ऐकत होते. मध्येच बाबा म्हणाले, "मग भाऊ जीप घेऊन आला." मुलगी म्हणाली, "नो, आबा. टेम्पो. लास्ट टाइम टेम्पो होता."

"टेम्पो," बाबा म्हणाले. "हो. टेम्पोच."

काकांना सोडायला मी गाडीपर्यंत गेलो. पाऊस भुरभुरत होता. "काय वाटलं काका?"

"वांगी छान होती."

"काका."

"अरे, मी आयुष्यभर हृदयं बघितली, डोकी नाही. ते विसरतात का? विसरतात. मीपण विसरतो, तुझ्याकडे येताना हायवेची एक्झिट चुकलो. वार, नंबर, सगळं नीट सांगितलं. पण गोष्ट सांगताना मध्ये मध्ये अडखळत होते, तेही खरं. हे असं जेवणावर कळत नाही. पैसे भर, अपॉइंटमेंट घे, नीट टेस्ट कर. आणि त्यांना सांगून कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. बायको आणि मुलगी पोहण्याच्या क्लासला गेल्या होत्या. त्यांनी स्वतःचा चहा ओतून घेतला, माझ्यासाठीही ओतला.

"कालचे डॉक्टर हुशार आहेत," ते म्हणाले. "तपासणी कशी झाली? पास का नापास?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "त्यांना कळलं नाही. मलाही कळत नाही, बाबा. तुम्ही तिला सांगता ती गोष्ट कुठली आहे? आईची की टीव्हीतली?"

"तुझ्या आईने मला कधीच काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "ऑपरेटरने लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम होता. तिने तो घरातही पाळला. एका संध्याकाळी ती आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी गावात बातमी, कापडवाल्यांच्या सुनेला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. मी विचारलं, तुला काही माहीत आहे का? ती म्हणाली, लाइन बिझी होती. बस, एवढंच. बाकीचं मी जुळवलं. तुला आठवत असेल, दर दिवाळीला एक बाई अनारसे घेऊन यायच्या."

आठवत होतं. मी त्या बाईंच्या डब्यातले अनारसे वर्षानुवर्षं खाल्ले. आई म्हणायची, ओळखीच्या आहेत. मी कधी विचारलं नव्हतं कुणाच्या आणि कशा ओळखीच्या.

"म्हणजे खरं आहे?"

"मला काय माहीत? अनारसे खरे होते. लाइटनिंग कॉल मी घातला. टेम्पो का जीप, ते मी बघितलं नाही."

मी सुटलो असं मला वाटलं. म्हणजे ते गोंधळत नव्हते, रचत होते. मी तसं म्हणालोही. "मग तुम्ही ठीक आहात."

"नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मला माहीत नाही. सांगलीत असतानाच मला जाणवलं होतं. दूधवाल्याला पैसे दिले का नाही, ते आठवेना. एकटा माणूस कुणाला विचारणार? म्हणून मी ही गोष्ट धरली. तीच परत परत सांगतो. ती पोरगी एक शब्द विसरत नाही. मी चुकलो की पकडते. सुरुवातीला महिन्याभरात एकदा पकडलं. आता आठवड्यातून दोनदा पकडते."

मी दाराआडून त्यांना तपासत होतो, जेवायला डॉक्टर बोलावत होतो, आणि ते माझ्या आधीपासून स्वतःला तपासत होते, माझ्या मुलीकडून, माझ्याच बैठकीच्या खोलीत. त्यांनी मला का सांगितलं नाही, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी वर जाऊन लॅपटॉप उघडला असता. कदाचित नसताही उघडला. मला माझंही सांगता येत नाही.

"मुद्दाम चुकता का कधी?" मी विचारलं. "ती पकडते का बघायला?"

"एकदा केलं. मग मलाच कळेना की मुद्दाम केलं का खरंच चुकलो. म्हणून सोडून दिलं."

"तुम्हाला परत जायचंय का?"

"जायचंय. माझं घर आहे. पण जाता येईल का, ते मला एकट्याला ठरवता येत नाहीये. आणि तुला एकट्याला मी ठरवू देणार नाही. काल तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतास."

आम्ही सोमवारी सकाळी अपॉइंटमेंट घेतली. जी सगळ्यात लवकरची मिळाली ती परतीच्या तिकिटानंतरची निघाली, म्हणून तिकीट पुढे ढकललं आणि मुक्काम वाढवून मागायचा अर्ज केला. बायको म्हणाली, "चला, एक तरी काम सरळ झालं." मी तिला म्हणालो की सरळ काहीच झालेलं नाही, आपण नुसतं पुढे ढकललंय. "तेवढं तरी दोघांनी मिळून ढकललंत," ती म्हणाली.

तपासणी झाली. बाबांना विचारून मी खोलीत बसलो. डॉक्टरांनी निष्कर्ष सांगितला तो असा की विसरणं वयाच्या मानाने थोडं जास्त आहे, पण आजार म्हणण्याइतकं नाही, सहा महिन्यांनी परत बघू. मी दोनदा विचारलं, म्हणजे एकटे राहू शकतील का? ते म्हणाले, आज राहू शकतील. पुढचं आज सांगता येत नाही. मी इतका पैसा आणि इतकी काळजी घालून जे विकत घेतलं ते हेच होतं. पार्किंगमध्ये बाबा म्हणाले, "काल जेवढं माहीत होतं तेवढंच आहे की."

अजून ठरलेलं नाही. मी मनात एकदा त्यांना पाठवतो आणि एकदा स्वतःच सामान बांधतो. फरक इतकाच झालाय की मी आता दाराआड उभा राहत नाही. काम आटोपलं की खाली येऊन त्यांच्यापाशी बसतो. परवा पडद्यावर ती केशरी झगा घालून डोंगरकड्यावर उभी होती आणि बाबा सांगत होते की पोस्टातला माणूस धावत निघाला, आणि मध्येच थांबले. तोंड किंचित उघडं, हात गुडघ्यावर. मुलगी त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती. मीही वाट पाहत होतो. ते पुढचं विसरले होते, की गोष्ट रंगवण्यासाठी थांबले होते, की ती सांगते का ते बघत होते, मला ओळखता येईना.

"भावाचं घर नदीपलीकडे होतं," मुलगी म्हणाली. पूर्ण मराठीत.

"नदीपलीकडे होतं," बाबा म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.

मी त्यांना विचारलं नाही.